लोकेशभाऊंच्या बोटांचा फोटो

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. अमरावतीत होते तोवर पालीला भ्यायचे, नेदरलँड्समधल्या एनस्खेडेत आल्यावर सायकलीला भ्याले, आणि दोन हजार वीसच्या एप्रिलात तर नुसत्या फोनच्या आवाजालाही. लोकेशभाऊ गेले त्याला आता दीड वर्ष होईल. ते माणूस म्हणून कसे होते ते लिहून ठेवायला बसले आहे. पण त्यांची आठवण निघाली की आधी ती भीतीच वर येते, आणि त्या भीतीपोटी मी जे करून बसले तेही. म्हणून दोन्ही सांगते.

लोकेशभाऊ आणि आमचे भानुदास एकाच वस्तीतले, एकाच शाळेतले. नवऱ्याचं नाव घेते याचं आमच्या सासूबाईंना अजून वाईट वाटतं, पण इथे डॉक्टरलासुद्धा लोक नावाने हाक मारतात, त्यामुळे सवय लागली. शाळेतल्या क्रिकेटच्या टीममध्ये आमच्या वस्तीतली पोरं घेत नसत. का घेत नसत ते सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. मग राजन सर म्हणून पीटीचे नवे मास्तर आले. कुठल्याशा शिबिरात बेसबॉल शिकून आलेले, सोबत एक बॅट आणि तीन ग्लोव्ह. त्या खेळाकडे चिटपाखरू फिरकेना. मग आमच्या वस्तीतली ही सगळी पोरं गेली.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पिचर म्हणून एक जण असतो, तो बॉल फेकतो. बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून जो बॉल पकडतो तो कॅचर. कुठला बॉल टाकायचा हे कॅचर दोन मांड्यांच्या मधून बोटांनी दाखवतो. पिचरने मान डोलावली की तो पडतो. पिचर व्हायला सगळे तयार होते. मागे बसायला कुणी तयार नव्हतं, कारण ऊठबस करून मांड्या भरतात आणि बॉल थेट तोंडावर येतो. तेरा वर्षांचे लोकेशभाऊ म्हणाले, "मी बसतो." पिचर झाले आमचे भानुदास.

तोंडाला बांधायला मास्क नव्हता. लोकेशभाऊंचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांनी सळया वाकवून, वेल्डिंग करून, आतून ट्यूबचे तुकडे लावून एक मास्क बनवला. तो इतका जड होता की सामना संपला तरी मान ताठ राहायची. तो घालून लोकेशभाऊ जिल्हा खेळले, राज्य खेळले. राज्याच्या एका सामन्यात तिसऱ्याच डावात उजव्या हाताचं पहिलं बोट मोडलं. सांगितलं कधी, तर नऊ डाव संपल्यावर, तेही राजन सरांनी चहाचा कप पुढे केला आणि यांना तो धरता येईना तेव्हा. ते बोट पुढे जन्मभर वाकडंच राहिलं.

खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल म्हणून घरचे डोळे लावून बसले होते. ज्या वर्षी अर्ज केला त्या वर्षीच्या यादीत बेसबॉल हा खेळच नव्हता. मग आठ वर्षं हंगामी पीटी मास्तर. मधे धम्मदीपाशी, आमच्या दीपाशी, लग्न झालं. ती हुशार, पुढे इथल्या विद्यापीठात तिला संशोधनाची जागा मिळाली, आणि लोकेशभाऊ तिच्या व्हिसावर एनस्खेडेत आले. अमरावतीतल्या नातेवाइकांनी काय काय म्हटलं असेल ते मी लिहीत नाही, माझंच डोकं तापतं. ते मात्र कुणी विचारलं की सरळ सांगायचे, "बायकोने आणलं." पहाटे एका गोदामात पार्सलं वेगळी करायची, दुपारी सायकली दुरुस्त करायच्या, असं त्यांचं सुरू झालं.

बेसबॉलला इथे हाँकबल म्हणतात. कामावरून येताना एका कुंपणापलीकडून बॅटचा आवाज आला आणि ते सायकलीवरून उतरले. तीन रविवार नुसते कुंपणाला टेकून उभे. चौथ्या रविवारी त्यांच्या कॅचरला लागलं, आणि कुणीतरी गमतीने यांना विचारलं, बसतोस का. यांना भाषा शून्य. पण बोटांचे इशारे तेच होते. सामना संपल्यावर त्यांना घरी सोडायला अर्धी टीम आली होती, असं दीपा सांगते.

दोन वर्षांत ते क्लबचे लाडके झाले. लहान मुलांचं शिकवणं त्यांच्याकडेच आलं. एखादं पोर बॉलला भ्यालं की बाकीचे म्हणायचे, घाबरायचं नसतं. हे त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचे आणि मोडक्या डचमध्ये म्हणायचे, "मलापण भीती वाटते. मास्क आहे म्हणून बसतो." मलाही सायकल त्यांनीच शिकवली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. सगळे जण शिकवताना सीट धरल्याचं सोंग करतात आणि गुपचूप सोडतात. लोकेशभाऊ सोडण्याआधी सांगायचे, "वहिनी, आता सोडतो बरं का." मी किंचाळायचे. मग ते सोडायचे नाहीत. असे पंधरा दिवस माझ्यामागे पळले.

भानुदास इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले ते दोन हजार सोळात. तेव्हापासून या दोघांचा एक खेळ होता. रोज सकाळी पावणेसातला लोकेशभाऊ भानुदासांना व्हॉट्सअॅपवर स्वतःच्या हाताचा फोटो पाठवायचे. गुडघ्यावर हात, एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. एक म्हणजे आज सरळ वेगात टाक, दोन म्हणजे वळवून टाक, तीन म्हणजे दमाने घे. भानुदास ऑफिसच्या दिवसाचा अंदाज घेऊन "हो" किंवा "नाही" लिहायचे. चाळिशीचे दोन बाप्ये आणि हा पोरखेळ. मी चहा ओतताना म्हणायचे, "आलं का तुमचं राशिभविष्य?"

मार्चमध्ये सगळं बंद झालं, आणि महिन्याच्या शेवटी दोघंही एकाच आठवड्यात आजारी पडले. कुणाकडून आलं, कुठून आलं, कळलं नाही. लोकेशभाऊंना एक तारखेला नेलं. इथे जागा नव्हती म्हणून तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात. भानुदासांना तीन तारखेला इथेच ठेवलं. मला बारीक ताप आणि खोकला, त्यामुळे मी घरात कोंडलेली. जिन्यापर्यंत अॅम्ब्युलन्सची माणसं आली, भानुदासांनी वळून पाहिलं आणि दार लागलं. त्यांना चांगल्या चपलासुद्धा दिल्या नव्हत्या मी.

त्या दिवसांत मी जेवत होते की नाही आठवत नाही. हात धुवून धुवून कातडी सोलली होती. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन यायचा, सुदैवाने त्यांचं बोलणं इंग्रजीत असायचं, आणि मी एका कागदावर लिहून घ्यायचे: ऑक्सिजन किती लिटर. आठ. नऊ. बारा. पंधराच्या वर गेलं तर व्हेंटिलेटरची नळी घालायची, आणि नळी घातलेल्यांतले किती परत येतात ते मी नेटवर वाचून बसले होते. वाचायला नको होतं.

दोघंही फोनवर होते एवढाच धीर. लोकेशभाऊ तिकडच्या बेडवरून पावणेसातला बोटांचा फोटो पाठवायचे, पांढऱ्या चादरीवर हात, सलाईनची पट्टी लावलेला. भानुदास मला सांगायचे, "लोक्याने आज तीन दिली. दमाने घेतोय मी." धाप लागत असायची, तरी हे वाक्य पूर्ण करायचे.

नऊ एप्रिलला सकाळी सहा वाजता दीपाचा फोन आला. रात्रीतून अचानक बिघडलं होतं. हॉस्पिटलने तिला एकटीला बोलावलं, क्लबमधल्या एका बाईंनी गाडीच्या सगळ्या काचा उघड्या ठेवून तिला नेलं. ती पोचली तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. "गेले कमलताई," एवढंच ती म्हणाली. मी काय म्हटलं ते मला खरंच आठवत नाही.

साडेआठला भानुदासांचा फोन. "लोक्याचा फोटो नाही आला आज."

मी म्हटलं, "झोप लागली असेल."

"त्याला?" एवढं म्हणून ते खोकत राहिले. त्या खोकल्याने माझी अक्कल गेली. माझ्या डोक्यात एकच बसलं, यांना कळलं तर हे हातपाय गाळतील, बाराचे पंधरा होतील आणि मग नळी. आपल्याकडे आजारी माणसाला वाईट बातमी देत नाहीत. माझ्या वडिलांना त्यांचा भाऊ गेल्याचं आम्ही सव्वा महिन्याने सांगितलं होतं, तेही ते बरे होऊन हिंडायला लागल्यावर.

मी दीपाला फोन लावला. तिचा नवरा जाऊन चार तास झाले होते. हॉस्पिटलने दिलेली पिशवी तिच्या मांडीवर असणार, चष्मा, चार्जर, फोन. आणि मी तिला म्हटलं, "दीपा, लोकेशभाऊंच्या फोनवरून भानुदासांना एक फोटो टाकशील? जुना कुठलाही. रोज सकाळी टाकशील? हे घरी येईपर्यंत?"

तिकडे पिशवी सळसळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं ताई." नऊ पस्तीसला फोटो गेला.

मला तेव्हा लाज वाटली नाही. लाज वाटायला जागाच नव्हती. पुढचे बारा दिवस मी फक्त कुठून फुटेल, कुठून फुटेल, हेच बघत होते. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर श्रद्धांजली सुरू झाली, तर मी हेमचंद्रांना, म्हणजे ग्रुप चालवणाऱ्यांना, फोन करून भानुदासांना ग्रुपमधून काढायला लावलं. अमरावतीत दिराला दम दिला. इथल्या पेपरात लोकेशभाऊंचा मास्क वर केलेला फोटो छापून आला. आमच्या क्लबचा कॅचर गेला, असं मोठ्या अक्षरांत. मला वाटलं, एखादी नर्स तो पेपर नेऊन यांच्या उशाशी ठेवेल.

डॉक्टरीणबाईंना मी विनंती केली. त्या शांतपणे म्हणाल्या, इथे आम्ही सांगतो. आजारी असला तरी माणूस मोठा आहे. मी रडले, भांडले, अगदी हात जोडले, फोनवर ते दिसत नव्हतं तरी. शेवटी त्या म्हणाल्या, "मी आपणहून विषय काढणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही." मग माझी नवी भीती सुरू झाली. हे विचारतील. आज विचारतील. त्यांचा फोन आला की मी आधी आवाज ऐकायचे, विचारलंय का. पण ते आपले म्हणायचे, "लोक्याने दोन दिली आज," आणि मी सुटकेचा निःश्वास सोडायचे.

चौदा तारखेला जयंती. दरवर्षी आम्ही सगळे जमायचो. लोकेशभाऊ दोनशे माणसांची भाजी हलवायचे. त्या वर्षी खिडकीत एक निळा झेंडा आणि लॅपटॉपवर चौकोनात चेहरे. दीपा पांढरी साडी नेसून बसली होती. 

पंधराला अंत्यविधी. तीसच माणसांना परवानगी. मला खोकला, मी घरूनच लॅपटॉपवर पाहिलं. त्रिशरण पंचशील घेताना दोन-तीनच आवाज येत होते. हे नंतर कळलं, की मैदानापासून स्मशानगृहापर्यंतच्या रस्त्यावर क्लबची माणसं दोन्ही बाजूंनी उभी होती, दीड-दीड मीटर अंतर सोडून, लहान मुलंसुद्धा. प्रत्येकाच्या हातात ग्लोव्ह. गाडी गेली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही की काही नाही, नुसते उभे राहिले. मला ते बघायला मिळालं नाही. मी तेव्हा, खरं सांगते, ऑक्सिजनचा आकडा बघत होते. अकरावर आला होता.

सोळाला दहा, सतराला परत बारा. त्या दिवशी मी देवधर्म न मानणारी बाई घरभर येरझाऱ्या घालत कुणाकुणाला विनवत होते. अठराला आकडा उतरला आणि उतरतच गेला. एकवीस तारखेला, मंगळवारी दुपारी, भानुदास घरी आले. नऊ किलो वजन उतरलेलं, दाढी पांढरी. जिन्याच्या दर चार पायऱ्यांना थांबत वर चढले. मी त्यांना सोफ्यावर बसवलं, मऊ भात पुढे ठेवला. मनात ठरवलं होतं, आठ दिवस जाऊ देऊ, अंगात जरा ताकद येऊ दे, मग सांगू. दोन घास खाऊन त्यांनी चमचा ठेवला.

"लोक्याला कधी नेलं?"

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास मी खाली ठेवला. "पंधराला. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पहिल्याच दिवशी कळलं. एक बोट आलं होतं. मी लिहिलं, नाही. तर तोच फोटो परत आला." दम खायला ते थांबले. "लोक्या असं कधी करायचा नाही. मी नाही म्हटलं की दुसरा इशारा. म्हणायचा, हात तुझा दुखतो, माझा नाही. शाळेपासून एकदाही त्याने तोच इशारा परत दिला नव्हता."

"मग विचारलं का नाहीत?"

"भ्यालो." हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "ती डॉक्टरीण रोज यायची. काही विचारायचंय का, म्हणायची. तिच्याकडे बघूनच कळायचं की मी विचारलं तर ही सांगून टाकणार. नाही विचारलं तर निदान सकाळी फोटो तरी येत होता. कुणीतरी पाठवत होतं. तिकडे माणसं त्याला पोचवायला गेली असतील, आणि मी इकडे पडून त्याला हो-नाही लिहीत होतो."

मी रडत होते. म्हटलं, "माझं चुकलं. मला वाटलं, तुम्ही—"

"तुझं नाही चुकलं." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात हलका लागत होता, हाडंच नुसती. "तू होतीस म्हणून निघालो त्यातून. सतराला मला वाटलं, आज मी जातो. शेजारच्या बेडवरच्याला नळी घालून नेलं होतं. तुला फोनवर कसं सांगणार, तू आधीच अर्धी झालेली. म्हणून लोक्याच्या नंबरवर लिहिलं. म्हटलं, दीपाने फोन तुझ्याकडेच दिला असणार, तू वाचशील, तोंडाने बोलावं लागणार नाही. आणि तू लगेच उत्तर दिलंस."

"कसलं उत्तर?" मी विचारलं. त्यांनी खिशातून फोन काढला, बोटाने वर सरकवत सरकवत ती जागा काढली आणि माझ्यापुढे धरला. सतरा एप्रिल, दुपारचे तीन. यांनी लिहिलं होतं: *मला फार भीती वाटते. श्वास पुरत नाही. मला मरायचं नाही रे.* त्याखाली एका मिनिटाने आलेलं उत्तर: *मी आहे. फोन हातातच धरून बसलेय. हळू श्वास घ्या. झोप लागेपर्यंत इथेच आहे.* आणि मग दर पाच मिनिटांनी नुसतं *आहे*. *आहे*. *आहे*. मी मोजले नाहीत. साडेपाचपर्यंत होते.

"ते वाचत वाचत झोपलो मी," भानुदास म्हणाले.

"अहो," मी म्हटलं, "फोन माझ्याकडे नव्हता."

त्यांनी फोन खाली केला.

"मी घरात कोंडलेली. फोन दीपाकडे होता. मीच तिला सांगितलं होतं पाठवायला, ज्या दिवशी ते गेले त्याच दिवशी. हे मला तिने सांगितलंसुद्धा नाही."

सतरा तारीख म्हणजे लोकेशभाऊंना अग्नी देऊन दोन दिवस झाले होते. भानुदास सोफ्याचा हात धरून उठले आणि दाराकडे निघाले. मी म्हटलं, आत्ता कुठे, डॉक्टरांनी चालायला नको सांगितलंय. त्यांनी बूट पुढे ओढले, पण वाकता येईना. मी खाली बसून नाड्या बांधल्या.

"काय म्हणायचं तिला?" त्यांनी विचारलं.

 दीपाचं घर दहा मिनिटांवर, आम्हाला पन्नास मिनिटं लागली. दर विजेच्या खांबाला ते टेकायचे, ओठ निळसर दिसायचे, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता हे इथेच कोसळणार, वर तिच्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहणार मी. बेल त्यांनीच दाबली. दीपाने दार उघडलं. आम्ही दोघं नियमाप्रमाणे दोन पावलं मागे सरलो.

तिने भानुदासांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आतून एक खुर्ची उचलून आणली आणि दाराबाहेर ठेवली.

"आधी बसा भानुदादा," ती म्हणाली. "दम लागलाय तुम्हाला."